दीडला फोडलेला नारळ

धाराशिव, मंगळवार रात्र

आज माझ्यावर घोर अन्याय झाला. सकाळी सौरऊर्जेवर भाषण दिलं म्हणून तुळजापूरकरांनी मला ऐन उन्हात लोकरी शाल पांघरवली. मान अजून खाजतेय.

इकडं माझ्याच घराचा स्लॅब होता. मिक्सर सौर पॅनेलच्या विजेवर चालवायचा, डिझेलचा थेंब नको, हा हट्ट माझाच. पण मालकानं नारळ फोडल्याशिवाय स्लॅब सुरू होत नाही. "मी येईपर्यंत थांबा," असं फोनवर बजावलंही मीच. पंधरा माणसं घमेली घेऊन बसून राहिली. मी दीडला पोचलो.

चारनंतर ऊन उतरलं, मिक्सर मंदावला. स्लॅब अर्ध्यात थांबवला तर सांध्यातून जन्मभर गळणार. शेवटी डिझेलचा जनरेटर आणला. तो काळा धूर! मी चारचौघांत शंकर मिस्त्रींवर ओरडलो, "नियोजन म्हणून काही असतं का नाही?"

थापी न थांबवता ते म्हणाले, "सायेब, ऊन सकाळपासनं हितंच व्हतं. तुमीच नव्हता."

कुणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. धुराचा दोष कुणाला देऊ? शालीला?

स्लॅब संपल्यावर पंगत बसली. मिस्त्रींच्या ताटात पहिली पोळी वाढली आणि पंधराजणांना ऐकू जाईल असं म्हणालो, "चूक माझी होती, मिस्त्री."

"बरं," ते म्हणाले. "आमटी वाढा."

वाढली.