आधी वेळ, मग घटना

१२ एप्रिल १९७१, सोमवार

काल ईस्टर झाला आणि आज मी मेरीलँडच्या या आडगावी येऊन पोचले. बाल्टिमोरहून बस, पुढे लॉइडची पिकअप. रस्त्याला दोन्हीकडून डॉगवुडची झाडं पांढरी फुललेली. गेल्या वर्षी माझा नवरा फ्रँक वारल्यापासून मी एवढी खुशीत नव्हते.

घर बारा खोल्यांचं आहे. राहणारे आम्ही पाच: डॉक्टर प्रुइट, कामगार लॉइड, त्याची बायको व्हर्ना, त्यांचं चार महिन्यांचं बाळ ओवेन आणि मी. मागच्या कोठारात पत्र्याची, वरून उघडी अशी भलीमोठी पेटी आहे. तिच्या भिंतींना वरपर्यंत चारशे घरटी. अन्नपाणी कधी कमी पडत नाही, मांजर नाही, रोगराई नाही. तीन वर्षांपूर्वी उंदरांच्या चार जोड्या सोडल्या होत्या, आज दोन हजार आहेत. माझं काम म्हणजे पेटीच्या वर टाकलेल्या फळीवर बसून दिसेल ते वहीत लिहायचं. नियम दोनच: आधी वेळ, मग घटना, आणि कशालाही हात लावायचा नाही. डॉक्टरांना माझं अक्षर आवडलं. शाळेतल्या सिस्टर अलॉयशियसच्या पट्टीची कृपा.

१५ एप्रिल

जेवताना डॉक्टर म्हणाले, माणसांची संख्या अशीच वाढली तर पन्नास वर्षांत बाल्टिमोरची ही पेटी होईल. मी म्हटलं, आम्ही अकरा भावंडं तीन खोल्यांत वाढलो, पण कुणी कुणाला चावलं नाही. यावर व्हर्ना म्हणाली, तुमच्या आईला मोजता येत नव्हतं की थांबता येत नव्हतं? लॉइड ताटात बघून हसला.

आम्ही भांडायचो, नाही असं नाही. पण उकडायला लागलं की सगळी दारासमोरच्या संगमरवरी पायऱ्यांवर जाऊन बसायची. शेजारची मिसेस नोव्हाक लिंबाच्या फोडीत पेपरमिंटची कांडी खोचून द्यायची. ती चोखता चोखता भांडण कुठल्या कुठे जायचं. डॉक्टरांना हे सांगितलं तर म्हणाले, पायऱ्यासुद्धा भरतील.

२१ एप्रिल

मी रोज मोजते आहे. वरची निम्मी घरटी रिकामी आहेत. सगळे उंदीर खाली, खाण्याच्या एकाच कोपऱ्यात, एकमेकांच्या अंगावर. काही गुबगुबीत नर कुणाच्या अध्यात ना मध्यात, दिवसभर आपलं अंग चाटून चकचकीत ठेवतात. आया पिल्लू तोंडात धरून निघतात, वाटेत ठेवतात आणि तशाच पुढे जातात. परत येत नाहीत.

मी डॉक्टरांना विचारलं, निम्मी जागा रिकामी असेल तर याला गर्दी कसं म्हणायचं? आणि ज्या पेटीला दार नाही, तिच्यावरून माणसांबद्दल काय कळणार? ते म्हणाले, मिसेस कॉफलिन, निरीक्षण लिहा, प्रवचन रविवारी ऐका.

२७ एप्रिल

या घरात बारा खोल्या आहेत आणि सगळे स्वयंपाकघरातल्या एका ओट्याशी उभ्याने खातात. कुणी सरकत नाही. आज मी मीठ घ्यायला हात पुढे केला तर व्हर्नाने कोपर मारलं. लॉइड दिवसातून पाच-सहा वेळा दाढी करतो, केसांना तेल लावतो आणि आरशासमोरच उभा राहतो.

सकाळी व्हर्ना ओवेनला घेऊन जिना उतरत होती. मधल्या पायरीवर तिने त्याला ठेवलं आणि ती खाली निघून गेली. मी त्याला उचलून नेऊन दिलं, तर म्हणाली, एवढा पुळका आहे तर ठेवून घ्या. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

३० एप्रिल

आज पुन्हा तेच, या वेळी अंगणात, उन्हात. मी धावत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. ते जागचे उठले नाहीत. पेन उघडून त्यांनी विचारलं, किती वाजता?

मी म्हटलं, दहा चाळीस.

म्हणजे बाळाला उचलायच्या आधी मी घड्याळ पाहिलं होतं.

३ मे

ओवेन आता माझ्या खोलीत असतो. दूध मीच देते. माझं बोट धरून झोपतो, आमचा धाकटा भाऊ जिमी झोपायचा तसा. व्हर्नाने एकदाही विचारलं नाही.

त्याला बाल्टिमोरला माझ्या बहिणीकडे, फिलोमिनाकडे न्यायचं ठरवलं. लॉइडकडे गाडी मागितली. भांग पाडता पाडता म्हणाला, चालत जा की म्हातारे, फाटक उघडंच असतं.

खरंच उघडं होतं. मी बाळाला घेऊन तिथवर गेले. मग दोन वाजले, माझी निरीक्षणाची वेळ झाली, आणि मी परत फिरले. का फिरले?

५ मे

गर्दीचा दोष नाही. पाच माणसं, बारा खोल्या, उघडं फाटक. उंदरांना निदान दार नव्हतं. आमचं हे असं झालं ते नुसतं बघत बसण्यामुळे — रोज, वहीत, सुवाच्य अक्षरात.

डॉक्टरांना हे सांगायला गेले. त्यांच्या वहीत माझं पान आहे. वर लिहिलंय — मादी, वय ५८. खाली वेळा.

७ मे

ओवेनला दूध दिलं का? लिहिलेलं नाही. म्हणजे नसेल दिलं —

दिलं. वाटी ओली आहे.

उद्या जायचं. वही इथेच टाकून जायचं.

८ मे

गेले नाही. सकाळभर केस विंचरले. छान दिसतात.

९ मे, रविवार

मातृदिन. चर्चमधली मिस्सा चुकली.

१.५० — ओवेनला फळीवर शेजारी घेऊन बसले. टोपलीत आहे. आज नक्की निघायचं, हे पान झालं की —

२.०५ — टोपली कडेला सरकली आहे. पाय झाडतो आहे.

२.०७ — रडतो आहे. माझ्याकडे बघतो आहे. हात पोचेल एवढ्यावर आहे.

२.०९ — टोपली अर्धी बाहेर. देवा, माझा हात — हातात पेन आहे. एवढी ओळ संपली की उचलते.

२.१० — खाली उंदीर बाजूला झाले. जागा केली त्यांनी.

२.११ —