मृगातली रेघ आणि सातचा भोंगा

।। श्री ।।

सोलापूर, २० जानेवारी १९७४

ती. रामहरीमामांना वच्छलेचा सा. न. वि. वि.

आईनं धाडलेला तिळगूळ मिळाला असेल. सोबतचा फोटो मात्र माझा आहे. बारा तारखेच्या संध्याकाळी अण्णांच्या फोटो स्टुडिओच्या माळवदावर स्टँड लावून मी मृग नक्षत्राचा फोटो काढला. अण्णांचं घड्याळ मागं पडतं, म्हणून गिरणीचा सातचा भोंगा होताच ते लावलं, कॅमेऱ्याची झडप उघडली आणि बरोबर दहा मिनिटांनी मिटली. मृगाच्या पट्ट्याखालून गेलेली लांब, सरळ रेघ पाहिलीत?

मला वाटतं तो उपग्रह आहे. अण्णा म्हणतात, ओल्या फिल्मला तू नख लावलंस. नखानं खरवडलं असतं तर फिल्मवर रेघ पांढरी दिसली असती, ही काळी आहे, असं मी म्हटलं. तर नखाच्या नुसत्या दाबानं पडलेली रेघबी काळीच येती की, म्हणाले, आणि डार्करूमची किल्ली काढून घेतली. लग्नाच्या फिल्म आता माझ्या हाती द्यायच्या नाहीत म्हणे! मामा, पाच वर्षांत माझ्या हातून एक फिल्म बिघडलेली नाही. फार रडू आलं. पातं घेऊन ते रेघ खरवडायलाच बसले होते. निगेटिव्ह मी आईच्या ट्रंकेत लपवलीय.

तुम्ही रेल्वेतले तारमास्तर. कुठं विचारायचं ते तुम्हालाच ठाऊक. मामींना नमस्कार, आणि माझ्यावर माया असेल तर लवकर लिहा.

आपली,
वच्छला

।। श्री ।।

कुर्डुवाडी, ३ फेब्रुवारी १९७४

चि. वच्छीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तिळगूळ पोचला; अर्धा तुझ्या मामीनं माझ्यापासून लपवला. मी वेधशाळेला लिहिलं होतं, त्यांचं उत्तर आलं. बारा तारखेला स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळातली प्रयोगशाळा मृगाच्या पट्ट्याखालूनच गेली. पण सात वाजून बारा मिनिटांनी. तू झडप मिटलीस सात दहाला. हे तुझ्या अण्णांना कळलं तर ते नखच खरं धरतील.

माझा तुझ्यावर विश्वास आहे, गिरणीच्या भोंग्यावर नाही. अगं, तारमास्तराची भाची भोंग्यावर घड्याळ लावते, हे चारचौघांत सांगू नकोस! आमच्याकडे रोज तारेनं वेळ येते आणि सगळी स्टेशनं तिच्यावर घड्याळं लावतात. वही काढून पाहिली. त्या संध्याकाळी पॅसेंजर सोलापूरहून सात वाजून तीन मिनिटांनी सुटल्याची नोंद आहे. आता नीट आठव: इंजिनाची शिट्टी आधी झाली की भोंगा? मनासारखं नको, आठवेल तेच लिही.

माझी माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझा,
रामहरीमामा

।। श्री ।।

सोलापूर, १२ फेब्रुवारी १९७४

ती. मामांना वच्छलेचा सा. न. वि. वि.

मामा, जिंकलो!

शिट्टी आधी झाली, हे मला आठवत होतं, पण माझ्या एकटीच्या सांगण्याला काय किंमत? म्हणून कारण न सांगता अण्णांनाच विचारलं. ते लगेच म्हणाले, व्हय की, गाडी आधी सुटली. भोंगा अजून कसा न्हाय, बायलरवाला गड्ड्याच्या जत्रेला गेला का काय, असं मीच जिन्यातनं बोललो न्हाय का! मग मी तुमचं पत्र पुढं केलं. अण्णांनी बोटांवर हिशेब केला. भोंगा सात तीननंतर, म्हणजे झडप मिटली सात तेरानंतर. सात बाराची स्कायलॅब आपसूक आत!

बराच वेळ भिंग लावून रेघेकडं पाहत बसले. मग किल्ली माझ्या हातावर ठेवून म्हणाले, चुकलं माझं. आई म्हणते, लग्न झाल्यापासून हे शब्द तिनं पहिल्यांदाच ऐकले. वैरागच्या लग्नाच्या चारही फिल्म काल मीच धुतल्या.

आईचे आशीर्वाद. आपला जीव असाच भाचीवर असू द्यावा.

आपली,
वच्छला

ता. क. स्कायलॅबमध्ये राहिलेली तीन माणसं पृथ्वीवर सुखरूप उतरल्याचं पेपरात आलंय. आमच्या फोटोच्या वेळी ती आतच होती! अण्णांनी मोठी प्रत काढून नवरानवरींच्या शेजारी दर्शनी कपाटात लावलीय. आज शेजारच्या गुरम्माकाकूंनी विचारलं की हा रेघोट्या पडलेला फोटो कशाला लावला. अण्णा म्हणाले, रेघ न्हाय ती, ग्रूप फोटो हाय, माणसं तीन, आन् काढलाय आमच्या वच्छीनं.