अडीच बाय साडेतीन

८ फेब्रुवारी, शनिवार

घुबड जमलं! आठवडाभर त्याच्या कानाशी झटापट चालली होती. पिसं कापायला गेलं की मागचं आभाळही चिकटून यायचं. शेवटी चित्र एवढं मोठं केलं की स्क्रीनभर नुसता घुबडाचा कान! मग कडेकडेने, एकेक पीस. आता ते दुकानातल्या जुन्या कॅटलॉगमधला गोल चष्मा लावून कपबशीत बसलंय. अडीच इंच बाय साडेतीन. पत्त्याएवढं कार्ड आणि हत्तीएवढा आनंद.

चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीचा हा एक फायदा – जुने कॅटलॉग रद्दीत जायच्या आधी माझ्या पिशवीत. स्कॅन करायचे, कापायचे, भलत्याला भलतं जोडायचं, छापायचं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी वाचनालयात आम्हा कार्डवाल्यांची अदलाबदल. विकायचं काही नाही. तुझं मला, माझं तुला.

९ फेब्रुवारी, रविवार

सासूबाई उद्या येताहेत. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं, आता चालायला लागेपर्यंत आमच्याकडे. आतली खोली त्यांना. म्हणजे माझं टेबल, स्कॅनर, प्रिंटर सगळं हॉलमध्ये. म्हणजे माझी कापाकापी चारचौघांत!

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. लग्नानंतर पहिल्यांदा आल्या तेव्हा माझ्या स्वयंपाकघराला दहापैकी सहा दिले होते. ओट्याखाली वाकून बघून.

नवरा म्हणाला, "थोडेच दिवस गं." म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आल्या. दोन बॅगा, एक वॉकर, एक उशी. उशीला कोणी हात लावायचा नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

व्यायाम करून घ्यायला रोज सकाळी फिजिओ येते. लहानखुरी, बडबडी पोरगी.

"आजी, आज दारापर्यंत जाऊ या?"

"उद्या बघू."

रोज उद्या. वॉकरवर टॉवेल वाळतोय. हाड छान जुळतंय, डॉक्टर खूश आहेत, पण सासूबाई पलंगाच्या काठापलीकडे यायला तयार नाहीत. खुर्ची पलंगाला चिकटवून ठेवायची, त्यावर सरकायचं, पुन्हा परत. बस्स.

निघताना पोरगी दाराशी हळूच म्हणाली, "ताई, आत्ता नाही उठल्या ना, तर पायातली ताकदच जाईल. मग अवघड आहे." नेहमी हसणारी, पण आज हसली नाही.

घाबरल्यात त्या. पण कबूल करतील तर शपथ.

१६ फेब्रुवारी, रविवार

आतून आवाज – "काय क्लिक-क्लिक चाललंय मघापासून? उंदीर शिरल्यासारखं!"

लॅपटॉप घेऊन आत गेले. धाकधूक. घुबड दाखवलं.

"हे काय, पत्ते करतेस?"

सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला, बघितलं, वर घेतला, पुन्हा बघितलं.

"घुबडाला चष्मा कशाला?"

"गंमत."

"हं." मग – "सावली चुकलीय. उजेड डावीकडून येतोय आणि कपाची सावलीही डावीकडेच?"

अरेच्चा! खरंच की! इतक्या वेळा बघूनही मला दिसलं नव्हतं. तिथेच बसून उजवीकडे केली.

"आता दहापैकी किती?"

"साडेसहा."

अर्धा वाढला!

१७ फेब्रुवारी, सोमवार

दुकानातून येऊन जुना लॅपटॉप त्यांना दिला. मांडीवर ताट ठेवायचं छोटं टेबल, त्यावर लॅपटॉप. म्हटलं, दिवसभर भिंतीकडे बघण्यापेक्षा बरं.

"हे थर आहेत, आई. एकावर एक काचा ठेवल्यासारखे. खाली आभाळ, वरच्या काचेवर माणूस. एक काच हलवली तरी बाकीच्या जागच्या जागी."

"वर्गात असं असतं तर!"

"आणि चुकलं की कंट्रोल आणि झेड. झालेलं रद्द."

त्यांनी आभाळ पुसलं, परत आणलं. पुसलं, आणलं. पुसलं, आणलं. चेहरा गंभीर. शेवटी म्हणाल्या, "हे बटण मला नोकरीत का नाही दिलं कुणी?"

१९ फेब्रुवारी, बुधवार

सासूबाईंचं पहिलं कार्ड! नवऱ्याचं मुंडकं, टक्कल चमकतंय, खाली कोंबडीचं धड. कडा वाकड्यातिकड्या आणि एक कान गायब.

"आई, कान राहिला."

"नाहीतरी ऐकत नाही कुणाचं. हवाय कशाला?"

मी हसून हसून पलंगाच्या कडेला टेकले. नवऱ्याने कार्ड हातात घेऊन निरखून पाहिलं आणि म्हणाला, "कोंबडी चांगली आलीय."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

वेडच लागलंय! चहा गार होतो. फिजिओला सांगतात, "थांब जरा, हिचं शेपूट कापतेय." फॅमिली ग्रुपवरचा एकही फोटो सुटला नाही. नणंद कुकरच्या झाकणावर, शिट्टीच्या जागी. मी जिराफ – एवढ्या उंच मानेवरून चष्मा शोधतेय, आणि तो डोक्यावरच! (हे मात्र खरं आहे.)

पण पलंग काही सुटत नाही. त्या आतून छापायला देतात, मी हॉलमधून आणून देते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

वाचनालयात आज कोंबडीला काय मागणी! तिघं मागे लागले. शेवटी आमच्यातल्या पोस्टमनना दिली, बदल्यात छत्रीवाला मासा आणला.

सासूबाईंनी मासा बघितला न बघितला. "माझी कोंबडी कुणाला दिलीस?"

"पोस्टमनना."

"नीट ठेवतील ना?"

पोटचा मुलगा परगावी नोकरीला गेला तेव्हासुद्धा एवढी चौकशी केली नव्हती म्हणे. नवराच म्हणाला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

नणंदेचा फोन. ती लांब राहते, तिचा जीव इकडे टांगलेला. "वहिनी, खरं सांग. आई चालते का?"

काय सांगणार? "अजून नाही."

मग म्हणाली, "तिचं घर भाड्याने देऊन टाकू या. एकटी परत कशी राहणार ती? पुन्हा पडली तर? मला झोप लागत नाही गं."

नवरा ओट्याशी भांडी पुसत होता. खालच्या आवाजात म्हणाला, "चूक नाही तिचं."

आम्ही दोघं अगदी कुजबुजत बोलत होतो. पण शेवटच्या बाकावरची कुजबूज ऐकण्यात ज्यांची हयात गेली, त्यांना स्वयंपाकघर ते आतली खोली म्हणजे काय अंतर!

२५ फेब्रुवारी, मंगळवार

लॅपटॉप मिटलेला. ताट अर्धं परत आलं. "भूक नाही." फिजिओला "उद्या बघू" सुद्धा म्हणाल्या नाहीत, भिंतीकडे तोंड केलं.

मला वाटलं होतं तसं वाटलं नाही. म्हणजे – मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं ना? हॉल शांत, कोणी मार्क देत नाही. पण घुबडाच्या फायलीकडेही बघवेना.

२६ फेब्रुवारी, बुधवार

तसंच.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आज लिहायलाच हवं!

संध्याकाळी दुकानातून आले. कुलूप उघडलं आणि पहिलं दिसलं ते – आतल्या खोलीचं दार सताड उघडं, पलंग रिकामा. टॉवेल जमिनीवर. पिशवी तिथेच टाकली. "आई! आई!"

"ओरडतेस कशाला? इथेच आहे."

हॉलमध्ये. माझ्या खुर्चीत. प्रिंटरशेजारी. वॉकर समोर उभा, कपाळावर घाम, हातात कार्ड.

"निळी शाई संपत आलीय," म्हणाल्या.

"आई, तुम्ही इथवर आलात कशा?"

"मग कोण आणून देणार होतं? तू दुकानात, तो ऑफिसात. छापायला दिलं तर हे यंत्र घरघर घरघर करत बसलं. कागद बाहेर टाकेल, पंख्याने उडेल. म्हटलं, जावं."

म्हटलं, जावं! जसं काही कोपऱ्यावरच्या दुकानातच जायचं होतं!

कार्ड माझ्या हातात दिलं. त्यांच्या स्वतःच्या घराचं दार. हिरवा रंग, पितळी कडी, पायपुसणं. कडा इतक्या स्वच्छ कापलेल्या की मलाही जमणार नाहीत. सावली जिथे हवी तिथे. आणि दारावर अक्षरं – एक लाल, एक काळं, एक जाडं, एक बारीक, प्रत्येक वेगळ्या जाहिरातीतून उचललेलं –

भाड्याने देणे नाही.

मी वाचलं. त्यांच्याकडे बघितलं. त्या खिडकीकडे बघत होत्या.

"सबंध दुपार लागली," म्हणाल्या. "'भा' सापडता सापडेना."

मला एकदम रडू आलं आणि हसूही. त्या म्हणाल्या, "झालं? आता मला परत ने. येताना रागाच्या भरात आले. जाताना भीती वाटतेय."

भीती वाटतेय. त्या म्हणाल्या. स्वतःच्या तोंडाने!

मी एका बाजूला, वॉकर समोर. मध्ये दोनदा थांबलो. गालिच्याची कड ओलांडताना त्यांनी माझं मनगट असं धरलं की अजून लाल आहे. पलंगावर टेकल्या आणि म्हणाल्या, "टॉवेल उचल तो आधी."

नवरा आला, त्याला कार्ड दाखवलं. वाचलं. आत जाऊन पलंगाशी उभा राहिला – शाळेत अंगठे धरायला लावल्यासारखा. "चुकलं, आई." "दुसरा कान पण कापेन," म्हणाल्या. मग कार्ड ग्रुपवर टाकायला लावलं.

नणंदेचं उत्तर आधी नुसतं "आई!!!" मग लगेच फोन. रडत होती, मध्येच खिदळत होती. "आणि मला शिट्टी केलंस ते काय गं?" बराच वेळ मायलेकी भांडल्या. मजेत.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

फिजिओला सांगितलं तर तिने बॅग खांद्याला असतानाच उडी मारली. "आजी! प्रिंटर!! मला कॉलेजात हे कुणीच शिकवलं नाही!"

आज दारापर्यंत. उद्या बघू म्हणाल्या नाहीत.

३ मार्च, सोमवार

मी गुपचूप प्रिंटर हॉलच्या पलीकडच्या टोकाला, खिडकीपाशी नेऊन ठेवला. मागच्या आठवड्यापर्यंत तिथे कुंडी होती.

सासूबाई संध्याकाळी – "प्रिंटर फिरायला लागलाय वाटतं घरभर?"

"खिडकीत शाई लवकर वाळते, आई."

"दहापैकी चार. थाप नीट मारता येत नाही तुला." पण गेल्या. पलंगापासून खिडकीपर्यंत!

८ मार्च, शनिवार

प्रिंटर आता बाल्कनीच्या दाराशी. नवरा म्हणतो, पुढच्या आठवड्यात शेजाऱ्यांकडे ठेव.

१२ मार्च, बुधवार

आज जिना. निम्मा उतरल्या, निम्मा चढल्या. वर आल्यावर शाबासकी दिली – फिजिओला! "चांगलं शिकवतेस. जरा कमी बोल."

वॉकर कोपऱ्यात, आता काठी.

२० मार्च, गुरुवार

दोघींनी मिळून एक कार्ड केलं. खालचे थर माझे, वरचे त्यांचे. भांडण झालं, अर्थातच! मला पतंग धूसर हवा होता, त्यांना ठसठशीत. "लांबची गोष्ट धूसर असते, आई." "तुझी नजर तपासून घे, दुकान आहे ना तुझं!" शेवटी पतंग निम्मा धूसर. आणि काय सांगू, तेच छान दिसतंय.

मागच्या बाजूला दोघींची नावं. आधी कोणाचं, यावरून पुन्हा.

२९ मार्च, शनिवार

सासूबाई वाचनालयात आल्या! पहिला मजला, लिफ्ट नाही. कठडा एका हातात, काठी दुसऱ्या हातात, मी मागे – "मागे राहून काय करणार आहेस? पडले तर दोघी पडू. पुढे हो, दार उघड."

टेबलाशी बसल्या त्या बाजार मांडल्यासारख्या. कुणाचं कार्ड लगेच घेतलं नाही, आधी उजेडात धरून सावली बघायची! पोस्टमननी पाकिटातून कोंबडी काढून दाखवली, तेव्हा मात्र विरघळल्या. त्यांना स्वतः केलेलं पेलिकनचं कार्ड देऊन टाकलं. बदल्यात काही न घेता. नियमाविरुद्ध आहे, पण त्यांना सांगणार कोण?

दाराच्या कार्डावर अदलाबदलीला आलेल्या एका चष्मेवाल्या बाईंचा डोळा होता. "हे देता का?"

"देणे नाही."

५ एप्रिल, शनिवार

सासूबाई आपल्या घरी गेल्या. नणंद खास आली होती सोडायला. "आई, एकटी राहशील ना नीट?" "राहीन. तूही राहा." तिने स्वतः दाराशी उभं राहून आईला आत-बाहेर, आत-बाहेर चालून बघायला लावलं, मग हरली. आता तिला झोप लागेल.

टेबल परत आतल्या खोलीत. जागा हवी होती ना मला? घ्या जागा.

९ एप्रिल, बुधवार

बेडूक कापला. बरा आलाय. बरा म्हणजे किती – साडेसहा? सात?

कुणाला विचारू?

१३ एप्रिल, रविवार

नवरा जेवताना म्हणाला, "घर कसं शांत झालंय, नाही?"

"हो."

"फार झालंय."

मी वर बघितलं. तो ताटात बघत होता.

१९ एप्रिल, शनिवार

सासूबाईंच्या समोरचं बिऱ्हाड रिकामं झालंय. दार उघडलं की त्यांचं दार. नवरा आणि मी काल बघून आलो, दोघंही एकमेकांना पटवायचं म्हणून तयारीत होतो आणि पटवायला कुणी उरलंच नाही. आज सकाळी त्यांना विचारलं, समोर राहायला येऊ का. म्हणाल्या, "विचार करून सांगते."

दिवसभर फोन नाही. आत्ता आला.

"या. पण बेल वाजवून यायचं."