देवघेव काउंटरवरचे अनोळखी आजोबा

सोमवार, ४ मार्च. सकाळी ११.२०
देवघेवीचं मशीन सव्वानऊपासून नेटवर्कवर नाही. ग्रंथपाल बाईंनी फोनवरून कळवलं. फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

मशीन म्हणजे खरं मशीन नव्हे. ग्रंथालयाच्या तळघरात एकच सर्व्हर, त्याच्या पोटात पाच व्हर्च्युअल मशीन. देवघेव, सूची, वर्गणी, हजेरी आणि बॅकअप. शिवाय शुक्रवारी मी तयार केलेलं सहावं, नाव 'चाचणी'. ते मोजायचं नाही.

खाली गेलो. आधी 'चाचणी' बंद केलं. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण पसारा आवरतो तसं. मग पिंग केलं, म्हणजे मशीनला नेटवर्कवरून हाक मारून पाहिली. देवघेव ठणठणीत! बाईंनी विचारलं, काय केलंत? म्हटलं, फक्त हात लावला. काही लोकांच्या हाताला गुण असतो.

निश्चय : या आठवड्यात संपूर्ण नेटवर्कचा नकाशा काढणे. चार रंगांत.

दुपारी ४
'चाचणी' पुन्हा चालू केलं. करावंच लागतं, त्यावर सासरेबुवांची वंशावळ आहे, फोटोंसकट. ते रोज घरून उघडून बघतात. ऑफिसच्या सर्व्हरवर खासगी काम ठेवू नये असा नियम आहे. चांगला नियम आहे, मीच लिहिलाय. पण कुठल्याही चाचणीला चिकित्सक माणूस लागतो, आणि सासरेबुवांइतका चिकित्सक माणूस मला पगार देऊनही मिळाला नसता.

मंगळवार, ५ मार्च
देवघेव पुन्हा गेलं. खाली गेलो, 'चाचणी' बंद, देवघेव सुरू. हाताचा गुण कायम.

बाईंनी विचारलं, कारण काय? म्हटलं, केबल असू शकते. वायरमनने गेल्याच आठवड्यात नवीन टाकली आहे. नुसतं म्हटलं. संचालक मागेच उभे होते, त्याला मी काय करणार?

संध्याकाळी सासरेबुवांचा फोन. जावईबापू, काल वंशावळ उघडली तर ती माझा सभासद क्रमांक मागत होती. आता आपल्याच घराण्यात मी वर्गणी भरायची का? नेट स्लो आहे म्हटलं, आणि 'चाचणी' पुन्हा चालू केलं.

नकाशा : निळं पेन सापडत नाही.

बुधवार, ६ मार्च. सकाळी १०.४५
बाईंनी तातडीने बोलावलं. सकाळी एक सभासद पुस्तकं परत करायला आले, बाईंनी खातं उघडलं, तर स्क्रीनवर कोट घातलेले एक मिशीवाले आजोबा. खाली लिहिलेलं, 'कुटुंबप्रमुख'. बाईंनी प्रसंगावधान राखून स्क्रीनचा फोटो काढला, छापला आणि काउंटरच्या काचेवर आतून चिकटवला. वर लाल अक्षरांत : यांना कोणी ओळखतं का?

मला विचारलं. मी चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून पाहिलं. नाही म्हटलं.

फोटो चांगला आलाय. मीच काढला होता.

संचालकांचं मत असं की वायरमनने दुसऱ्या कुणाची तरी वायर आपल्या वायरीत जोडली, म्हणून दुसऱ्यांचे आजोबा आपल्याकडे येतात. असं होत नाही हे मी सांगणार होतो. पण संचालकांचं वाक्य संपायला वेळ लागतो आणि मध्येच तोंड घालणं बरं दिसत नाही.

दुपारी १
कारण सापडलं. (सोमवारीच सापडलं होतं. लिहायचं राहिलं.) नवं मशीन पहिल्यापासून बनवायचा कंटाळा, म्हणून देवघेवीची कॉपी केली, आतला मजकूर बदलला आणि पत्ता बदलायचा विसरलो. एकाच आयपी ॲड्रेसवर दोन मशीन. दोन घरांना एकच नंबर, मग पोस्टमन कधी या दारात, कधी त्या.

निश्चय : उद्या संचालकांना सांगणे.

गुरुवार, ७ मार्च
संचालक दिवसभर बाहेरगावी. माझा इलाज नाही.

वायरमन शिडी घेऊन एकटाच आला. पन्नाशी उलटलेला माणूस. छताच्या फळ्या काढून सगळी केबल हातभर-हातभर तपासली. शिडी मी धरली, तेवढं तरी करायला हवं. वरून म्हणाला, साहेब, वीस वर्षं झाली, माझं काम परत बघायला कुणी बोलावलं नव्हतं. म्हटलं, होतं असं कधीकधी. म्हणाला, नाही होत.

मग खाली उतरून त्याने थर्मासमधला चहा मला आधी दिला. घरून आणलेला. प्यायलो.

तो जेवायला गेला तेव्हा 'चाचणी'ला वेगळा पत्ता दिला. दोन मिनिटांचं काम. तो परतला. दोन्ही मशीन चालू, देवघेव एकदाही पडलं नाही. तो बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, म्हणजे माझ्याच हातून काहीतरी राहिलं होतं म्हणायचं.

शिडी गाडीपर्यंत मी पोहोचवली.

शुक्रवार, ८ मार्च. दुपारी ३
संचालक परतले. वायरमनने हात लावल्यावर बिघाड थांबला, म्हणजे बिघाड त्याचाच, असं त्यांचं म्हणणं. त्याचं वर्षाचं काम काढून घ्यायचं. उद्या दहाला बैठक. तांत्रिक अहवाल मी द्यायचा.

अहवाल तीनदा लिहिला. पहिल्यात खरं कारण, चार ओळी. दुसऱ्यात तेच, पण 'मी' हा शब्द न वापरता. तिसऱ्यात 'अनेक घटकांचा एकत्रित परिणाम'. तिसरा छापला.

संध्याकाळी ७.१०
बायकोला सगळं सांगितलं. सल्ला नको, नुसतं ऐक म्हटलं. तिने ऐकलं. भाजी चिरता चिरता एवढंच म्हणाली, आणि त्याचा चहा प्यायलात?

तेवढ्यात सासरेबुवांचा फोन. वंशावळ आता झकास दिसते. असा गुणी जावई, त्याचं कौतुक त्याच्या साहेबांसमोरच व्हायला हवं, म्हणून उद्या दहाला ग्रंथालयात येतोय. तो फोटोतला कोट इस्त्रीला टाकलाय. मी नको, नको म्हटलं. म्हणाले, तुमचा स्वभावच भिडस्त. बायको भाजी तशीच टाकून बाल्कनीत गेली. हसण्याचा आवाज आत येत होता.

निश्चय : पहिला अहवाल छापणे. उद्या बरोब्बर साडेनऊला संचालकांच्या खोलीत जाऊन सगळं सांगणे. स्वतःहून. कुणी ओळखायच्या आत सांगितलं तर त्याला प्रामाणिकपणा म्हणतात.

सासरेबुवा कुठेही अर्धा तास आधी पोहोचतात.