अक्षरजुळणी : चंद्रप्रकाश घाडीगावकर

६ जानेवारी, सकाळ
गावी देवीचा कौल झाला. पावणादेवीची जत्रा तीन फेब्रुवारीला. आमच्या गावकरी मंडळाचे अध्यक्ष सहदेव यांचा फोन : "चंदू, पत्रिका रविवारपर्यंत होयी हां." होणारच. दरवर्षी पत्रिकेच्या तळाशी ‘अक्षरजुळणी : चंद्रप्रकाश घाडीगावकर’ छापून येतं, ते उगाच नाही. गेल्या वर्षीच्या फाइलमध्ये तारीख तेवढी बदलायची.

संध्याकाळ
लॅपटॉप म्हणतो, अपडेट करा. सुलक्षणा म्हणाली, "आधी पत्रिका करा, मग काय ती थेरं." बायकांना तंत्रज्ञानाची भीती असते. मी देवीलाच विचारलं. जास्वंदीच्या दोन पाकळ्या ओल्या करून स्क्रीनवर चिकटवल्या. उजवी पडली. म्हणजे होकार. अपडेट लावलं.

७ जानेवारी
मशीन नवं झालं. जुनं काय काय पुसून जागा मोकळी केली. आता पळेल.
मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर मात्र उघडत नाही. या व्हर्जनवर चालणार नाही म्हणतं. किरकोळ आहे. बंद करून चालू केलं की होईल.

८ जानेवारी
बंद केलं, चालू केलं. दिवसभर तेच.
गेल्या वर्षीची फाइल उघडली. फॉन्ट गेलाय. देवीच्या नावाच्या जागी डॉलर, टक्का आणि अर्धा कंस. तरी हात जोडले.
सहदेवना कळवलं, नव्वद टक्के झालं. मजकूर तेवढा राहिलाय.

९ जानेवारी
सुलक्षणा म्हणते, मोबाइलसमोर बोला, तो आपोआप लिहितो. मी म्हटलं, देवीचं काम आहे, भाजीची यादी नव्हे.
प्रिंटरही मला ओळखेनासा झालाय.

१० जानेवारी
गोरेगावला हर्षदच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात. तो म्हणाला, "काका, वाट लागली ना तुमची! अपडेट करायला सांगितलं कोणी?" देवीने, असं सांगता येईना. जुन्या व्हर्जनवर परत जाता येतं म्हणाला. मग बघून म्हणाला, जाता आलं असतं, पण तुम्ही जागा मोकळी केलीत.
गावच्या शाळेत पाटी पुसण्याआधी गुरुजी विचारायचे, सगळ्यांनी उतरवून घेतलं का? इथे कोणी विचारलं नाही. विचारलं असेल, तर इंग्रजीत.

११ जानेवारी
पुन्हा कौल लावला : आई, माझं काय चुकलं? पाकळी पडेना. उजवी नाही, डावी नाही. सुलक्षणा ओट्याजवळूनच म्हणाली, "पंखा लावू का? त्या दिवशी चालू होता."
देवाच्या कामात पंखा ढवळाढवळ करत नाही.
टेबलफॅन कुठे ठेवलाय ते पाहिलं. उजवीकडे.

१२ जानेवारी, रविवार
सहदेवचे फोन. उचलले नाहीत. दुपारी त्यांनी सुलक्षणाला लावला. तिने भात उतरवला, मोबाइल तोंडासमोर धरला आणि ‘श्री पावणादेवी प्रसन्न’पासून सगळी पत्रिका म्हटली. माझ्यापेक्षा पाठ आहे तिला. मी शुद्धलेखन तपासायला बसलो. चूक नव्हती. एक स्वल्पविराम घातला. तिने तो काढला.

१८ जानेवारी
पत्रिका छापून आली. सहदेव म्हणाले, झकास.
तळाशी : ‘अक्षरजुळणी : सौ. सुलक्षणा चंद्रप्रकाश घाडीगावकर’.
म्हणजे माझं नाव यंदाही आहेच. मधे.