चौथी ढिगली

मुक्काम आखाडा, इस्लापूरजवळ
फाल्गुन वद्य ११, शके १८६५

चिरंजीव ............ लक्ष्मीबाईस शेषेरावाचा आशीर्वाद.

इथं शेतातल्या आखाड्यावर आम्ही खुशाल हाव. तुम्हीबी तिथं पार्डीला धडधाकट असाल असं धरून चालतो. तुझ्या नावाच्या आधी जागा कोरी सोडलीय. तिथं काय लिहावं ते ठरंना. त्याचं शेवटाला बघू.

तुला वाचता येत न्हाई, म्हणजे हे तुझा भाऊच वाचणार. सटवाजी, बहिणीला वाचून दाखवताना मधलं गाळू नको आणि पदरचं घालू नको. तुझी दोन्ही पत्रं पोचली. जबाब दिला न्हाई. नदीला पूर न्हाई, वाट बंद न्हाई, तवा बहाणा तरी काय सांगू?

आधी इथली खबर. तुरी झोडून झाल्या. तुराट्यांनी गोठ्याची मागली बाजू नव्यानं विणली. विहिरीचं पाणी दोन पायऱ्या खाली गेलं, पर आटलं न्हाई. लढाईपायी घासलेट मिळंना, करडईच्या तेलावर दिवा चालू हाय. आगपेटीचंबी तेच. तुझी सासू चुलीतला विस्तव राखेखाली असा जपती, की तेवढं मला जपलं असतं तर मी आणखी वीस वर्षं काढली असती. हे तिच्यासमोर वाचू नको.

गाय व्याली. गोऱ्हा झाला. सिंधुनं त्याचं नाव 'पाटील' ठेवलं. आता दिवसभर आखाड्यावर तेच चालू, "पाटील, इथं शेण टाकू नका." परवा खरे पाटील दारात येऊन उभे आणि ही आत ओरडून राहिली! मला तोंड लपवाय जागा उरली न्हाई. होळीला तर पळसाचा रंग माझ्या एकुलत्या धुतलेल्या धोतरावर ओतला. मी लई ओरडलो. ती हसून राहिली. मग मीबी हसलो, करता काय! पाच वर्षांची पोर, पर घरात दहा माणसांचा गलबला करती.

होळीपासून मोहाची फुलं पडून राहिली. विहिरीवरचं झाड तुला ठाव हाय, पहाटं टपटप चालू झालं की थांबत न्हाई. उजाडायच्या आत आम्ही तिघं टोपल्या घेऊन खाली हजर. रीत तीच, ज्यानं वेचलं त्याची ढिगली खळ्यावर येगळी, आणि सुकल्यावर मग सगळं एका गोणीत. माझी ढिगली मोठी, तुझ्या सासूची माझ्याहून मोठी, सिंधुची ओंजळभर.

एक दिवस बघतो तर ढिगल्या चार. सिंधु आपल्या टोपलीतला निम्मा मोह चौथीवर टाकून राहिली. मी म्हणलं, वा! माहूरच्या देवीचा वाटा काढती पोर. आपल्यात पहिल्या वेचणीतला देवीचा बाजूला ठेवतातच की. मला लई कौतुक वाटलं. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगितलं, बघा, कुणी शिकवलं न्हाई, तरी रक्तातच हाय.

चार दिवसांमागं आभाळ आलं. थेंब लागला की मोह काळा पडतो, म्हणून मी घाईनं चारी ढिगल्या एकत्र करून गोणी भरली. म्हणलं, देवी समजून घेईल. पोरगी आली, रिकामं खळं बघितलं, आणि जी रडाय लागली ती थांबंनाच. "मोडली तुमी! माझी मोडली!" भाकर ताटात तशीच. मी म्हणलं, "बाई, देवीला उद्या नवा काढू." तर तुझी सासू चुलीपासून म्हणाली, "अवो, देवीचा कशाचा! तिच्या मायचा वाटा हाय त्यो. पहिल्या दिवसापून काढून राहिली. समद्यांला ठाव, तुमालाच न्हाई."

मी पोरीला विचारलं. डोळे पुसत म्हणाली, "माय आल्यावर तिला कमी नको पडाय."

लक्ष्मी, माघात चावडीवर पंच बसले तवाची गोष्ट आता काढतो. तुझ्या पाटाला, म्हणजे दुसऱ्या लग्नाला, कुणाचीच हरकत नव्हती. माणूस चांगला हाय, पोरीलाबी सांभाळायला राजी हाय, हे सटवाजीनं सांगितलं. पंच म्हणाले, पाट खुशाल लावा, पर लेकरू बापाच्या घरचं, ही रीत हाय. तू पदर ओढून बसली होतीस. एवढंच बोललीस, "पोर न्हाई तर पाट न्हाई." तवा पंचांनी मला विचारलं, शेषेराव, पोर मायची आठवण काढती का? मी म्हणलं, "नावसुद्धा काढत न्हाई."

खोटं बोललो. दसऱ्याला पोरीला आमच्यापाशी ठेवून तू माहेरी गेलीस, त्या दिवसापासून ती दिवेलागणीला गाडीवाटेवर जाऊन उभी राहायची. मला दिसत होतं. मी मनाला सांगायचो, गुरं परतायची वाट बघती. रीतीचं फक्त नाव केलं. मला भ्या वाटत होतं. माझा लेक माधव तापानं गेला, वर्षानं तू गेलीस, आता हीबी गेली तर ह्या आखाड्यावर आवाज कुणाचा राहील? एवढा मोठा बाप्या माणूस भ्याला आणि पंचांच्या आड लपला. माफ कर असं सुनेला लिहायची लाज वाटती, पर लिहून राहिलो. माफ कर मला.

काल पाटलाच्या ओसरीवर पाची पंचांसमोर उभा राहून सांगितलं, माझं बयान खोटं होतं, पोर मायला देतो. थोडी कुजबुज झाली. मग रीत मोडल्याबद्दल पंचांना जेवण घालायचं ठरलं. घालीन. ज्वारी हाय घरात.

हे पत्र डाकेनं धाडलं न्हाई. शिवप्पाच्या गाडीतून तुझी सासू घेऊन आलीय, आणि आत्ता सिंधु तुझ्या मांडीवर बसून हे ऐकत असंल. मग मी नवीन काय सांगितलं? एवढंच, की ती पाहुणी न्हाई, कायमची आलीय. तिला न्यायला गाडी येणार न्हाई.

मी आलो न्हाई. तिला गाडीतून खाली उतरवून मोकळ्या हातानं मागं फिरणं माझ्यानं झालं नसतं.

तिला आंबट ताक चालत न्हाई. अनवाणी पळती, काट्याकडं बघत जा. झोपताना कान धरून झोपती, स्वतःचा न्हाई, शेजारच्याचा. होणाऱ्या जावयाला सांग, कान तयार ठेवा. हो, जावईच म्हणलं. सटवाजी, थांबू नको, पुढं वाच.

आता वरची जागा. तिथं विधवेला गंगाभागीरथी लिहायचं असतं, मला लिहवलं न्हाई. पाट लागला की सटवाजीकडून तिथं सौभाग्यवती लिहून घे. मीच लिहिलं असं समज.

सोबतच्या गाठोड्यात मोह हाय. गोणीतला तुझा वाटा येगळा काढता येईना, म्हणून सिंधुनं तीन दिवस परत वेचून तेवढाच सुकवला. जपून वापर.

तू जिथं नांदशील तिथं मोहाचं झाड असंल, तर पुढल्या फाल्गुनात पोरीला वेचू दे. खळ्यावर एखादी ढिगली जास्तीची दिसली, तर मोडू नको.

सिंधुचा आजा,
शेषेराव