घरात मिश्र वाक्यच

३ जानेवारी
शाळा मुलीची, मुलाखत आईबापांची! तीही इंग्रजीत. चार वर्षांच्या छोटीला प्रवेश हवा म्हणून आम्ही दोघं शिकवणीला. सर म्हणाले, "वाक्यांचे प्रकार चार — विधान, प्रश्न, आज्ञा, उद्गार." सासूबाईंना फक्त आज्ञा येते. तेवढ्यावर अख्खं घर चालवलंय त्यांनी!

९ जानेवारी
सरांचा फतवा — घरात इंग्रजीच. साधं वाक्य चालणार नाही, मिश्र हवं. एक मुख्य, एक त्याच्या आधाराने उभं राहणारं गौण, मध्ये जोडायला बिकॉज नाहीतर ऑल्दो. "साध्या वाक्याने छाप पडत नाही."

नवऱ्याला चेव चढलाय. न्हाणीघरातून टॉवेल मागितला, सुरुवात ऑल्दोपासून. मी हातात टॉवेल घेऊन बाहेर उभी. वाक्य पुरं होईपर्यंत दिला नाही! साबण डोळ्यांत गेला. मजा आली.

१२ जानेवारी
छोटी म्हणाली, "आई, पाणी." नवरा धावला — "फुल सेंटेन्स! बिकॉज?" तिने स्टूल ओढलं, चढली, स्वतःच पाणी घेतलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. केवढी स्वावलंबी!

१९ जानेवारी
सासूबाई म्हणाल्या, "पोर हल्ली गप्प गप्प असते गं." म्हटलं, "शहाणी झालीय." चुकून मराठीत बोलले. नवऱ्याने डोळे वटारले.

२४ जानेवारी
मुलाखत झाली. नवऱ्याने एका दमात ऑल्दो, अनलेस, व्हेअरअॅज सगळं कोंबलं. मुख्य वाक्य कुठे पडलं देव जाणे! मुख्याध्यापिका मान डोलावत होत्या. त्यांनाही सापडलं नसणार, पण कबूल कोण करणार?

मला विचारलं, मुलगी घरी कुठली भाषा बोलते? "ओन्ली इंग्लिश, बिकॉज वुई लव्ह इट." दिलं ठोकून! छोटी खुर्चीत पाय हलवत बसली होती. तिला कुणी काही विचारलंच नाही.

३ फेब्रुवारी
मिळाला प्रवेश!! नवरा नाचला. मीही नाचले. छोटीला उचलून विचारलं, "आनंद झाला ना?" तिने मान हलवली.

४ फेब्रुवारी
दुपारी पलंगामागून आवाज आला. छोटी बाहुलीशी बोलत होती — भराभरा, मराठीत, किती काय काय! मला पाहिलं आणि तिने बाहुलीच्या तोंडावर हात दाबला.